परक्याचा विसावा

दोनाताबाईंनी बसच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मिरेल्लाला वाटलं, डोळ्यांमुळे त्यांची बस चुकली. तिने मागून त्यांच्या कोटाची बाही धरली.

"आई, ही आपली नव्हे. आपली पलीकडे लागते. ही नापोलीला जाते."

"दिसतंय मला. पाटीवरची अक्षरं रेड्याएवढी आहेत."

ड्रायव्हर तोंडातला पावाचा घास एका गालात सारून वाट बघत होता. "आजीबाई, चढताय का उतरताय? एक काय ते ठरवा."

"चढलेच आहे. उतरायला मला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुझीच बस खोळंबेल."

"मग नापोलीपर्यंत उतरूच नका. आणि सूनबाईंना इथेच सोडून जाताय का?"

"सून आहे हे कशावरून?"

"लेक असती तर एव्हाना ओरडली असती."

दोनाताबाई हसल्या आणि खांबाला धरून आत गेल्या. मिरेल्लाच्या हातातली बाही कधीच सुटली होती. ती क्षणभर खाली उभी राहिली, मग त्यांच्यामागे चढली.

सकाळी दोघी आपल्या बंदरगावाहून बारी शहरात आल्या होत्या, त्या दोनाताबाईंचा मोतीबिंदू दाखवायला. दवाखान्याच्या दाराशी गेल्यावर कळलं की आज डॉक्टरांचा संप आहे. सबंध सोमवार रिकामा झाला. मिरेल्लाने मात्र या सोमवारची मनात वेगळीच आखणी केली होती. तपासणी झाली की समोरच्या कॉफीच्या दुकानात बसायचं, सासूबाईंना आवडतो तो मलई भरलेला गोड पाव मागवायचा, आणि त्यांनी पहिला घास घेतला की सांगून टाकायचं: आई, मी सावेरिओशी लग्न करणार आहे.

सावेरिओ खिडक्यांच्या चौकटी करायचा. विधुर होता. दोन हिवाळ्यांपूर्वी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बसवायला म्हणून आला होता. घाई करणारा माणूस नव्हे तो. "तू सांग, नाहीतर मी सांगतो. पण चोरून काही नको," एवढंच म्हणाला होता. या रविवारच्या आत सांगते, असं तिने त्याला कबूल केलं होतं.

वाक्य तसं लहानच होतं. पण त्याच्या आधी आणखी एक वाक्य बोलावं लागणार होतं. कोर्रादो गेला. ते त्या घरात अकरा वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं.

बस शहराबाहेर पडली. ऑलिव्हच्या बागा, त्यांच्या मधून धावणारे दगडी बांध, मग नुसती नांगरलेली काळी जमीन. दोनाताबाईंनी जपमाळ काढली होती. ओठ हलत होते, डोळे खिडकीबाहेर होते, आणि त्या डोळ्यांना त्यातलं किती दिसत होतं ते त्यांनाच ठाऊक.

कोर्रादो त्यांचा एकुलता एक मुलगा, मिरेल्लाचा नवरा. नोव्हेंबरातल्या एका वादळात त्याची मासेमारीची बोट बुडाली. बोटीवर चौघं होते. तिघं पुढच्या काही दिवसांत किनाऱ्याला लागले. त्यांना मूठमाती मिळाली, त्यांच्या बायकांनी काळे कपडे घातले, आणि वेळ आली तसे एकेकीने ते उतरवलेही. चौथा आलाच नाही. मिरेल्लाला काळं घालता आलं नाही, आणि रंगीत घातलं की गल्लीच्या नजरा पाठीला टोचत. दोनाताबाईंचं म्हणणं एकच होतं: जो आला नाही, तो गेला कसा? मृतांच्या दिवशी पाद्रीबाबा चर्चमध्ये गावातल्या गेलेल्यांची नावं वाचत. त्यांत कोर्रादोचं नाव त्यांनी कधी घालू दिलं नाही. जिवंत माणसासाठी मेलेल्यांची प्रार्थना म्हटली तर ती त्याला लागते आणि तो खरंच जातो, असं गावात सगळेच मानत. म्हणून चर्चमध्ये त्याच्या नावाने मिस्सेची प्रार्थना नाही, मेणबत्ती नाही, दफनभूमीच्या भिंतीवर नाव नाही. त्याऐवजी हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अंतोनीचा मंगळवार. तापात, लग्नकार्यात, कुणाच्या बारशातही दोनाताबाईंनी तो उपास मोडला नव्हता.

आणि हिवाळ्यात कधी जेवताना जिन्यावर पावलं वाजत, ओले बूट असावेत तशी. सासूसुनांचे चमचे जागच्या जागी थांबत. पावलं वरच्या मजल्यावर निघून जात, तिकडे दार लागे. मग दोघी पुन्हा जेवू लागत. यावर कधी बोलणं झालं नाही. हट्ट सासूबाईंचा आहे, तो घराला लागलाय आणि घराचा आपल्याला, असं मिरेल्ला स्वतःला समजावत आली होती.

डोंगरांवर पवनचक्क्या दिसू लागल्या तेव्हा तिने विचारलं, "काय आहे नापोलीत?"

"आत्ता सांगितलं तर हायवेवर उडी मारशील."

"आई, उद्या मला कामावर जायचंय."

"उद्या मंगळवार, मलाही उपास आहे. म्हणून तर आजच." दोनाताबाईंनी जपमाळ मनगटाला गुंडाळली. "माझी जुस्तीना मावशी नापोलीत दिली होती. तिचा नवरा रशियाच्या लढाईतून परत आला नाही. मेला असं कुणी सांगेना, जिवंत आहे असंही कुणी सांगेना. मी लहान होते, सुट्टीला गेले होते तिच्याकडे. दर सोमवारी ती एका चर्चच्या तळघरात जायची. मला एकदा घेऊन गेली. तिने तिथे एक डोकं पाळलं होतं."

"डोकं?"

"कवटी गं. कुणाची कोण जाणे. प्लेगात मेलेल्याची, नाहीतर उपासमारीत. नाव नाही, गाव नाही. मावशी ती पुसायची, स्वच्छ रुमालावर ठेवायची, तिच्यासाठी प्रार्थना म्हणायची. मेल्यावर सरळ स्वर्ग कुणाला मिळतो? मधल्या आगीत थांबावं लागतं. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याला इकडून गारवा कोण पाठवणार? मावशी पाठवायची."

"आणि तिचा नवरा?"

"तो नाही आला." दोनाताबाईंनी पुन्हा खिडकीकडे तोंड फिरवलं. "पण मावशीला झोप लागायला लागली."

आता बोलावं, असं मिरेल्लाच्या मनात आलं. तिने श्वास घेतला. पण दोनाताबाईंची जपमाळ पुन्हा सुरू झाली होती, आणि जपाच्या मध्ये बोलायचं नाही हा घरातला नियम होता. तिने घेतलेला श्वास तसाच सोडून दिला.

नापोलीत ऊन होतं. वाळत घातलेल्या चादरींखालून ते गल्लीत तुकड्यातुकड्यांनी पडलं होतं. दोनाताबाईंनी एका हातगाडीपाशी तळलेला पिझ्झा घेतला आणि उभ्याउभ्याच खाल्ला, दोन्ही हातांनी. हनुवटीला तेल लागलं होतं. त्यांना इतकं चवीने खाताना मिरेल्लाने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"आई, मला तुम्हाला काही सांगायचंय."

"उभ्याने ऐकण्यासारखं आहे का?"

"नाही."

"मग थांब जरा. वाईट असेल तर खाल्लेलं पचणार नाही. चांगलं असेल तर ते काही नासत नाही."

"वाईट आहे असं कुठे म्हटलं मी?"

"तू नाही, तुझा चेहरा म्हणतोय. महिनाभर." त्यांनी हनुवटी पुसली. "चल. उजेड आहे तोवर."

रस्ता त्यांनी कुणाला विचारला नाही. दोनदा चुकल्या, एकदा कुणाच्या तरी अंगणात शिरल्या आणि तिथल्या कुत्र्यालाच रागावून बाहेर आल्या. शेवटी एका अरुंद गल्लीत, दोन दुकानांच्या मध्ये दबलेल्या छोट्या चर्चच्या दाराशी त्या थांबल्या आणि चौकटीवरून हात फिरवला. "हेच," म्हणाल्या.

आत विजेच्या शेगडीशी पाय ठेवून एक जाडजूड बाई शब्दकोडं सोडवत बसली होती. तिचं नाव आमालिया. तळघराची किल्ली तिच्या कमरेला होती.

"हात लावायचा नाही. फोटो काढायचा नाही," ती मान वर न करता म्हणाली. "रडायला परवानगी आहे, पण रुमाल आपापला. कुणासाठी आलात?"

"कुणासाठी नाही," मिरेल्ला म्हणाली.

"मग बरोबर जागी आलात. खाली कुणाचं कुणी नाहीच." ती उठली. "पूर्वी सोमवारी इथे बायकांची रांग लागायची. माझी आजी मेणबत्त्या विकायची. मग वरून हुकूम आला, हे देवाधर्माचं नव्हे म्हणून. आता येतात ते नुसते बघे. तुम्ही बघ्या दिसत नाही. पायऱ्या ओल्या आहेत, जपून."

उतरताना थंडी पायांकडून वर चढत गेली. ओल्या दगडाचा आणि जुन्या मेणाचा वास येत होता. तळघरात भिंतीलगतच्या कट्ट्यांवर कवट्या ओळीने मांडल्या होत्या. काही काच लावलेल्या लाकडी पेट्यांत होत्या, काही उघड्याच, पिवळ्या पडलेल्या रुमालांवर. कित्येकींच्या कपाळांना अजून चकाकी होती, रोज हात लागून दाराची कडी गुळगुळीत होते तशी. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

मिरेल्ला शेवटच्या पायरीवरच उभी राहिली.

दोनाताबाई कट्ट्यापाशी गेल्या. त्यांनी दोन्ही तळवे उचलले आणि पहिल्या कवटीच्या दोन बाजूंना धरले, न टेकवता, बोटभर अंतर ठेवून. थोडा वेळ तसेच ठेवले. मग पुढच्या कवटीपाशी सरकल्या, पुन्हा तळवे उचलले. मग तिच्या पुढच्या.

हे काय चाललंय ते मिरेल्लाला आधी कळलं नाही. कळलं तेव्हा तिचा हात भिंतीकडे गेला. थंडी सुरू व्हायच्या आधी दोनाताबाई कोर्रादोसाठी लोकरीची टोपी विणायला घेत. मोजपट्टी त्यांनी कधी वापरली नाही. दाढी आलेला, लग्न झालेला तो माणूस त्यांच्यासमोर बुटक्या स्टुलावर बसायचा, त्या दोन तळव्यांमध्ये त्याचं डोकं धरायच्या, आणि तो तिथून मिरेल्लाकडे बघून डोळे फिरवायचा. टोपी अजूनही दरवर्षी विणली जात होती. माप त्यांच्या हातांत होतं.

"आई," ती हळूच म्हणाली. "तो इथे कसा असेल?"

"ठाऊक आहे गं मला." त्या थांबल्या नाहीत. "सगळी केवढीशी आहेत बघ. त्याचं मोठं होतं."

आमालिया मागे कमरेवर हात ठेवून उभी होती. "बाई, आपलं माणूस शोधताय का?"

दोनाताबाई पुढच्या कवटीपाशी सरकल्या.

"ते इथे मिळत नाही. माझी आजी सांगायची, आपलं शोधत आलेली बाई आली तशी परत जाते. परक्याचं घ्यावं. तुम्ही इथल्या परक्याला गारवा द्यायचा. मग तुमचा जिथे कुठे पडला असेल, तिथली कुणी परकी बाई त्याला देते. असं चालायचं आमचं. वरच्या साहेबांना ते कधी कळलं नाही."

"पलीकडच्या किनाऱ्यावरसुद्धा?" दोनाताबाईंनी विचारलं. "तिकडची भाषा वेगळी, धर्म वेगळा."

"किनारा कुठला का असेना. बायका सगळीकडे असतात."

दोनाताबाईंचे हात खाली आले. मग त्या ओळ सोडून कोपऱ्यात गेल्या. तिथे एक लहानशी कवटी भिंतीकडे कललेली होती. खालचा जबडा नव्हता, खाली रुमालही नव्हता. तिच्या कपाळावर ओलाव्याचे थेंब जमले होते.

"ह्याला घाम आलाय."

"म्हणजे तो ऐकतोय," आमालिया म्हणाली. तिने एकदा दोघींकडे पाहिलं. "माझा चष्मा वर राहिलाय वाटतं. मला इथून काही दिसत नाही." आणि एकेक पायरी मोजून टाकावी तशी ती वर निघून गेली.

दोनाताबाईंनी खिशातून रुमाल काढला. अंघोळीनंतर तान्ह्या मुलाचं कपाळ टिपावं तसं त्यांनी ते कपाळ टिपलं. कवटी सरळ केली, रुमाल तिच्याखाली घातला, त्याची टोकं चारही बाजूंनी सारखी केली. गुडघे टेकता येईनात, म्हणून कट्ट्यावर कोपर टेकवून त्या वाकल्या.

"प्रभू, ह्याला विसावा दे," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, घरात जेवायच्या आधी लागतो तेवढाच. "ह्याच्यावर तुझा उजेड पडू दे. ह्याची आग निवू दे."

थोडा वेळ नुसतं पाणी ठिबकत राहिलं. आता मागणं मागतील, मिरेल्लाला वाटलं. परत आण म्हणतील. दुसरं काही त्यांनी कधी मागितलंच नाही. मागून होऊ दे, मग वर उन्हात नेऊन बसवते आणि सांगते. वाक्य तोंडात तयार होतं.

"आणि माझ्या कोर्रादोला," दोनाताबाई त्याच आवाजात म्हणाल्या, "जिथे असेल तिथे, चिरकाळ..."

मिरेल्ला पायरीवरून कधी खाली आली ते तिला समजलं नाही. तिचा तळवा सासूबाईंच्या तोंडावर होता.

"नका," ती म्हणाली. "नका, आई. लागेल त्याला."

तिचाच आवाज भिंतीवरून परत आला. तो कुणा लहान मुलीचा वाटला.

दोनाताबाई दचकल्या नाहीत. त्यांनी तोंड सोडवून घेतलं नाही. ओल्या रुमालाने गार पडलेला आपला हात त्यांनी मिरेल्लाच्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला. तळव्याखाली त्यांचे ओठ हलत होते. ऊन श्वास शब्दाशब्दाने तिच्या हाताला लागत होता, आणि कुठला शब्द कुठे आला ते तिला कळत होतं. त्याचं नाव आलं तेही कळलं. हात काढला असता तर ऐकू आलं असतं. दाबला असता तर थांबलं असतं. तिने दोन्हींतलं काही केलं नाही. शेवटी ओठ मिटले.

वर आल्यावर आमालियाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "नदी, चार अक्षरी, रशियातली," ती कोड्यावर पेन्सिल टेकवत म्हणाली. "कुणाला येतंय?" दोघींपैकी कुणालाच येत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये फारशी माणसं नव्हती. घाट सुरू झाला तोवर बाहेर काळोख पडला होता.

"रविवारी त्याला जेवायला बोलाव," दोनाताबाई म्हणाल्या.

"कुणाला?"

"खिडकीवाल्याला. एक खिडकी दुरुस्त करायला माणूस किती वेळा येतो? डोळे गेलेत माझे, बोटं शाबूत आहेत मोजायला."

मिरेल्लाने पलीकडच्या सीटवर ठेवलेली आपली पिशवी उगाच सरळ केली.

"आणि सकाळी मी पाद्रीबाबांकडे जाऊन येते. मिस्सा सांगते. नाव द्यायचं ते देते. तू मोकळी हो एकदा."

"एवढी काय घाई आहे?"

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते मोठ्याने निघालं. पुढच्या बाकावरच्या माणसाने मान वळवून पाहिलं.

"घाई?" दोनाताबाई म्हणाल्या.

"म्हणजे... पुढच्या वर्षी द्या ना. ह्या वर्षीचा मृतांचा दिवस तर झालाच की."

दोनाताबाईंनी आपले धुरकट डोळे तिच्याकडे वळवले. त्यांना काय दिसलं ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं आणि डोकं मागे टेकलं. बस पुढचं वळण घेईपर्यंत त्या झोपल्या होत्या. तोंड किंचित उघडं पडलं होतं, आणि त्या घोरत होत्या, खोल, एकसारख्या. इतक्या वर्षांत शेजारच्या खोलीतून हा आवाज मिरेल्लाने कधी ऐकला नव्हता.

ती जागी होती. काचेत आतले दिवे दिसत होते, आणि दिव्यांच्या मागे काहीच नाही.

घाटात एका थांब्यावर बस थांबली. धुकं होतं. दार उघडलं आणि गार, ओली हवा आत आली. कुणी उतरलं नाही. कुणी चढलंही नाही. ड्रायव्हर आरशातून बघत राहिला, आणि दार जरा जास्तच वेळ उघडं राहिलं.

मिरेल्लाने पलीकडच्या रिकाम्या सीटवरून आपली पिशवी उचलली, कुणाला बसायला जागा करून द्यावी तशी, आणि मांडीवर घेतली.